पाण्याबरोबर पान्हाही मागा

आमच्या शाळेच्या आवारात एक हापसा आहे. तो कोणी दिला, हे त्याच्या ओट्यावर सिमेंटात कोरलेले आहे. ते नाव आम्ही येथे देत नाही, कारण देणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. समुद्रापलीकडच्या एका ख्रिस्ती मंडळीने पैसा जमविला. तिच्यातील काही तरुण मुलगे व मुली स्वतःच्या खर्चाने येथे आल्या. त्यांनी आठ दिवस आमच्यात राहून पोरांशी खेळ खेळले, शाळेची भिंत रंगविली, हापशाला हार घातला आणि सर्वांचे डोळे ओले करून ती मंडळी परत गेली. पुढे दीड वर्षाने हापसा कोरडाच वर-खाली होऊ लागला. खाली पाणी होते. झिजले होते ते आतले वायसर. वस्तू थोड्या रुपयांची. परंतु ती बदलण्यास लागणारे पान्हे गावात नव्हते, ते काम शिकलेला माणूस गावात नव्हता, आणि तक्रार कोणाकडे करावयाची हे ग्रामपंचायतीस ठाऊक नव्हते व आम्हांसही नव्हते. पाच महिने मुली लांबच्या विहिरीवरून कळशा वाहत राहिल्या. त्या पाच महिन्यांत किती मुली पहिल्या तासाला गैरहजर राहिल्या, ते आमच्या हजेरीपटात आजही लिहिलेले आहे.

हे सांगून पाहुण्यांस दोष द्यावा, असा आमचा विचार नाही. जो माणूस आपले घरदार सोडून, भाषा येत नसता, आमच्या पोरांसाठी घाम गाळावयास येतो, त्याची टिंगल करणे हे कृतघ्नपणाचे होईल. परंतु कृतज्ञता म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे. दान घेणाऱ्यानेही दान तपासून घेतले पाहिजे, ही गोष्ट आमच्या लोकांस अजून उमगलेली नाही. म्हणून ह्या विषयावर आज दोन शब्द स्पष्टपणे लिहीत आहोत.

प्रथम देणे कबूल करू. शेतकऱ्याच्या व कारागिराच्या पोराने अक्षर शिकणे हा ज्या काळी अपराध समजला जात होता, त्या काळी जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ ते १८४७ पर्यंत शिकले. मुलींची शाळा कशी चालते हे पाहावयास ते अहमदनगरला गेले, ती शाळा अमेरिकन मिशनच्या फॅरर बाईंची होती. मिरजेस डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले व तेथेच आमच्या देशाच्या तरुणांस वैद्यकी शिकविण्याची सोय केली. जालन्याकडे पाहिले तर नारायण शेषाद्री यांचे नाव येते. जन्माने ब्राह्मण असलेला हा गृहस्थ १८४३ साली ख्रिस्ती झाला, आणि पुढे त्याने जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत करून तेथे मांग व इतर अस्पृश्य मानलेल्या कुटुंबांस घरे व जमीन मिळवून दिली. ज्यांच्या सावलीस लोक भीत, त्यांच्या शेजारी तो राहिला.

आता ह्या चारही उदाहरणांत सारखे काय आहे, ते वाचकांनी पाहावे. शाळेने शिक्षक तयार केले, रुग्णालयाने डॉक्टर तयार केले, वसाहतीने जमीन कसणारे तयार केले. देणारा माणूस मेला किंवा परत गेला, तरी विद्या येथे राहिली. जे दान विद्येच्या रूपाने आले ते टिकले, आणि जे नुसत्या वस्तूच्या रूपाने आले ते वस्तूबरोबर झिजले. ह्याचा उत्तम पुरावा म्हणजे हापशाचाच इतिहास होय. आणि तो घडला आहे आमच्या जालन्यात व सोलापुरात.

मराठवाड्याची भुई कशी आहे हे तेथल्या कुणब्यास सांगावयास नको. वर थोडी माती, खाली मुरूम, आणि त्याखाली काळा पाषाण. विहीर खणावयाची म्हणजे पहार, सुरुंग व वडारांचे कष्ट. दोन-दोन उन्हाळे त्यात जात, आणि सावकाराचे कर्ज वेगळेच. इतके करून पाऊस हुकला की तिचा तळ उघडा पडे. १९६० नंतरच्या काही वर्षांत जालन्याच्या स्कॉटिश चर्चच्या मिशनने ह्या कामी नवे यंत्र वापरावयास आरंभ केला. दाबलेल्या हवेच्या जोरावर भोकाच्या तळाशी घण चालतो, दगडाचे पीठ होऊन वर उडते, आणि जेथे माणसास दोन वर्षे लागत तेथे एक-दोन दिवसांत शंभर-दीडशे फूट खोल बोअर पडतो. पुढे १९६६ साली कॅथलिक व प्रॉटेस्टंट अशा दोन्ही पंथांच्या मंडळींनी मिळून दिल्लीस ‘अफ्रो’ ही संस्था स्थापन केली, व तिनेही पाण्याचे काम हाती घेतले. त्याच सुमारास बिहारात दुष्काळ पडला, आणि १९७२ साली महाराष्ट्रावर तो कोसळला. तेव्हा युनिसेफ ह्या जागतिक संस्थेने व सरकारने हीच यंत्रे गावोगाव फिरविली. हजारो बोअर पडले. लोक म्हणाले, आता कळशीची चिंता गेली.

परंतु चिंता गेली नव्हती. बोअरवर बसविलेले हापसे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे होते. त्यांचा नमुना युरोप-अमेरिकेच्या शेतावरचा. तेथे एका घराने दिवसातून पाच-दहा बादल्या पाणी काढावे, एवढेच त्या पंपाचे काम. आमच्याकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो बाया-पोरांचे हात त्या दांड्यावर पडणार! दांडा मोडे, खिळ झिजे, गज वाकून तुटे. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली, तेव्हा चारांतले सुमारे तीन हापसे बंद आढळले. इतका पैसा, इतकी यंत्रे, इतके सद्भाव. आणि बाई पुन्हा आडावरच!

हा प्रश्न कोणी सोडविला? तो दूर देशीच्या कचेरीत बसून सुटला नाही. जालना व सोलापूर येथे जी माणसे रोज मोडके हापसे उघडून पाहत होती, ज्यांचे हात ग्रीसने काळे झाले होते, त्यांनी तो सोडविला. ह्यांत परदेशी मिशनचे लोक होते व येथले मिस्त्रीही होते. त्यांनी बीड टाकून पोलाद घेतले. अनेक सांधे काढून दांड्यास एकच भक्कम खिळ ठेविली. दांड्याच्या तोंडाशी कमानीवरून साखळी सोडली, म्हणजे दांडा वाकडा फिरला तरी आतला गज सरळच वर-खाली होतो व वाकत नाही. बैलगाडीचा आस व विहिरीचा रहाट ज्याने केला आहे, त्या सुतारा-लोहारास ह्यातले मर्म चटकन कळेल. सोलापूरच्या ह्याच पंपावरून पुढे युनिसेफ, भारत सरकार व मद्रासचा रिचर्डसन अँड क्रुडास कारखाना ह्यांनी मिळून नवा नमुना बांधला, १९७६-७७ साली कोइमतुराजवळ त्याची कसोटी घेतली, आणि ‘इंडिया मार्क दोन’ म्हणून तो सर्व देशभर गेला. देशभर गेला एवढेच नव्हे, तर आफ्रिकेतल्या अनेक देशांतही गेला. युगांडात तर ह्याच नमुन्यावरून तेथला पंप झाला आहे. आज तेथे कोणी ख्रिस्ती स्वयंसेवक खेड्यास हापसा देतो, तेव्हा पुष्कळदा तो आमच्या सोलापूर-जालन्याच्या मिस्त्रींच्या अकलेचेच फळ देत असतो. हे त्यास ठाऊक नसेल. पण आम्हांस तरी ठाऊक असावे!

तरीही एक अडचण राहिली. मार्क दोनचे वायसर बदलावयाचे तर सगळे नळ वर ओढून काढावे लागत, आणि त्यासाठी तिवई, चार-पाच माणसे व गाडी लागे. गावात एक देखरेख्या, तालुक्यास एक मिस्त्री, जिल्ह्यास एक फिरते पथक, अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था तमिळनाडूत १९७६ साली सुरू झाली. कागदावर ती छान दिसते. पण जिल्ह्याची गाडी खेड्यात केव्हा येते, हे आम्ही काय सांगावे? म्हणून पुढे मार्क तीन निघाला. त्याचा नळ रुंद असल्यामुळे आतला दट्ट्या नळ न काढताच वर घेता येतो. थोडी हत्यारे व थोडे शिक्षण असले की गावचा माणूस हे काम करतो. माणूसच कशाला, बाईही करते. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात १९९० नंतरच्या वर्षांत महिला समाख्या ह्या सरकारी योजनेतून दलित व कोल जातीच्या बायांनी हापसे दुरुस्त करण्याचे शिक्षण घेतले. ज्यांना सवर्णांच्या विहिरीवर पाय ठेवू देत नसत, त्या बाया पान्हे घेऊन हापसे उघडू लागल्या. आमच्या मते, सबंध हापशाच्या इतिहासात ह्याहून मोठी गोष्ट घडलेली नाही. पाणी मिळाले म्हणजे तहान भागते. पण पान्हा हाती आला म्हणजे माणूस ताठ उभा राहतो.

आता परदेशांतून येणाऱ्या स्वयंसेवकांकडे वळू. अलीकडे आठ-पंधरा दिवसांसाठी येणाऱ्या मंडळींची चाल फार वाढली आहे, विशेषतः अमेरिकेतल्या चर्चमधून दक्षिणेकडच्या गरीब देशांत. १९९८ साली होंडुरास देशात ‘मिच’ नावाच्या वादळाने हजारो घरे पाडली. तेव्हा अशा अनेक तुकड्या घरे बांधावयास गेल्या. ख्रिस्ती महाविद्यालयातलेच एक अध्यापक, कर्ट व्हर बीक, यांनी ह्या कामाची पाहणी करून ती २००६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात आढळले ते असे, की तेथल्या संस्थेने तेथल्याच गवंड्यांकडून घर बांधले तर सुमारे दोन हजार डॉलर लागत. आणि परदेशी तुकडीने बांधले तर विमानाचे भाडे व राहणे धरून सुमारे तीस हजार डॉलर! ज्यांना घरे मिळाली त्या लोकांच्या मनात पाहुण्यांविषयी प्रेम होते. परंतु हाच पैसा पाठविला असता तर आणखी किती घरे झाली असती, हा विचारही त्यांनी बोलून दाखविला. हे सांगणारा माणूस मिशनचा शत्रू नाही, त्यांच्यातलाच आहे. म्हणून त्याचे म्हणणे अधिक वजनदार आहे.

आमच्या कारागीर वाचकांनी ह्या हिशेबात आणखी एक आकडा घालावा. गावातला गवंडी, सुतार, रंगारी कामावाचून बसला आहे, आणि ज्याने जन्मात कधी थापी धरली नाही असा पाहुणा भिंत बांधतो आहे, हे दृश्य आम्ही स्वतः पाहिले आहे. आमच्या शाळेची भिंत रंगविली गेली, तेव्हा गावचा रंगारी त्यांची शिडी धरून उभा होता. त्यास चहा मिळाला. मजुरी मात्र कोणासच द्यावयाची नव्हती, कारण काम धर्मार्थ होते! पाहुण्याने पुण्य जोडले हे खरे. पण त्या रंगाऱ्याच्या घरी त्या दिवशी चूल कशावर पेटली, हे कोणी विचारले नाही.

दुसरी गोष्ट ह्याहून खोल आहे. आठ दिवसांच्या पाहुण्यास गाव दिसते, पण गावची वेस दिसत नाही. बोअर कोठे घ्यावा, हे त्यास कोण सांगतो? ज्यास दोन शब्द इंग्रजी येतात तो, ज्याच्या ओसरीवर पाहुण्याची उतरण्याची सोय होते तो. मग हापसा त्याच्या वाड्याशेजारी बसतो, आणि महारवाडा, मांगवाडा, वडारवस्ती पूर्वीसारखीच लांब राहते. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते पाणी नव्हते म्हणून नव्हे. तळे भरलेलेच होते. पाण्याचा प्रश्न हा नुसता पाण्याचा नसून हक्काचा आहे, हे त्या दिवशी सर्व जगास कळले. जो दाता हे जाणत नाही, त्याचे दान अजाणता जुन्याच धन्याच्या ओसरीस बळकटी आणते. पूर्वी देव व माणूस यांच्यामध्ये दलाल बसे; आता दाता व गाव यांच्यामध्ये बसतो. दलालाचा पोशाख बदलला, एवढेच.

तर मग परदेशी ख्रिस्ती मनुष्याने येथे येऊच नये काय? असे आम्ही म्हणत नाही. अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर आहे) हर्मन बाखर नावाचे स्विस धर्मगुरू पन्नासांहून अधिक वर्षे राहिले. त्यांनी पाहिले की बोअर जमिनीतून पाणी ओढतो, पण जमिनीत पाणी घालीत नाही. दर वर्षी बोअर खोल जातो आणि शेजारचा हापसा कोरडा पडतो. म्हणून १९९० च्या आसपास त्यांनी जर्मनीचा पैसा व आपल्या नाबार्ड बँकेचे साहाय्य जोडून पाणलोटाचे काम उभे केले. डोंगरावर समतल चर, ओढ्यावर बांध, झाडास कुऱ्हाडबंदी व कुरणास चराईबंदी असा तो क्रम. परंतु त्यांची अट ही, की गावाने आधी श्रमदान करावे, सभेत सर्वांनी बंदी मान्य करावी, आणि गावाचीच समिती काम पाहील. फुकट कोणास काही नाही. पाहुणा इतकी वर्षे राहिला, आणि मालकी मात्र गावाकडे ठेविली.

त्याच जिल्ह्यातील जामखेडचे उदाहरण तर आपल्याच माणसांचे आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली तेथे आरोग्याचे काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या बाया निवडल्या. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर, पुष्कळ दलित. बाळंतपण, पोरांचे जुलाब, कुष्ठरोगाची ओळख, स्वच्छ पाणी, हे सर्व त्यांना शिकविले. १९७९ साली ह्या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. आणि पुढे काय झाले? दूरदूरच्या देशांतले डॉक्टर व स्वयंसेवक जामखेडला शिकावयास येऊ लागले, आणि त्यांना शिकविणाऱ्यांत ह्या गावच्या बायाही असत! आम्हांस पाहुणा हवा आहे तो असा. तो शिकविण्यास येवो किंवा शिकण्यास येवो. पण नुसता फोटो काढून घेण्यास येऊ नये.

धर्मांतराचा प्रश्न काही लोक ह्या ठिकाणी काढतील. त्यांस आमचे सरळ उत्तर आहे. पाण्यास, औषधास किंवा शाळेस धर्माची अट घालणे वाईट. मग ती अट चर्चने घातलेली असो, देवळाने असो की आणखी कोणी. परंतु जे लोक कालपर्यंत शेजाऱ्यास आपल्या आडावर येऊ देत नव्हते, त्यांनी परक्याने पाजलेल्या पाण्याची जात विचारावी, हे शोभत नाही. तहानलेल्यास आधी आपण पाणी द्यावे; मग दुसऱ्याचा हेतू तपासावा.

शिवाय व्यवहारही पाहिला पाहिजे. परदेशातून येणाऱ्या पैशासंबंधी १९७६ साली कायदा झाला, २०१० साली तो नव्याने झाला, आणि २०२० साली तो आणखी कडक झाला. आता परदेशी पैसा मिळालेल्या संस्थेने तो दुसऱ्या संस्थेस देता येत नाही. खेड्यातल्या लहान मंडळांस मोठ्या संस्थांकडून जो ओघ येत असे, तो त्यामुळे बंद पडला. कायदा बरा की वाईट, हा वाद वेगळा. आमचे म्हणणे इतकेच, की पैशाचा ओघ एका सहीने थांबतो, पण शिकलेला हात कोणत्याही सहीने थांबत नाही. नळाने घरोघर पाणी देण्याची सरकारी योजना २०१९ पासून चालू आहे, तिलाही हेच लागू आहे. नळ आला तरी मोटर जळते, पाइप फुटतो, आणि तेव्हा पुन्हा हापसाच आठवतो.

म्हणून शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, पुढच्या वेळी देशातला किंवा परदेशातला कोणीही दाता गावात आला, म्हणजे हात जोडण्याआधी चार गोष्टी विचारा. पहिली, ही वस्तू बिघडली तर दुरुस्त कोण करील, आणि ते काम तुम्ही आमच्या कोणास शिकवाल? दुसरी, जे काम गावचा गवंडी, सुतार, लोहार करू शकतो, ते त्यास मजुरी देऊन कराल काय? तिसरी, जागा ठरविण्यासाठी सर्व वस्त्यांची, बायांसह, सभा भरवाल काय? चौथी, तुम्ही गेल्यावर पाच वर्षांनी ही वस्तू चालू आहे की नाही, हे पाहावयास कोणी येईल काय? चांगला दाता ह्या प्रश्नांनी रागावणार नाही. उलट त्यास गाव जागे आहे म्हणून आनंद होईल. जो रागावेल, त्याचा हार त्याच्याच गळ्यात राहू द्यावा.

आणि आपणही काही करावयाचे आहे. प्रत्येक गावाने दोन माणसे निवडावी, त्यांतली एक बाई असावी व एक दूरच्या वस्तीतली असावी. पंचायत समितीकडे अर्ज करून त्यांना हापसा-दुरुस्तीचे शिक्षण द्यावे. ग्रामपंचायतीने पान्ह्यांचा एक संच विकत घेऊन शाळेच्या कपाटात ठेवावा, आणि वायसर, साखळी, बेअरिंग ह्यांचा थोडा साठा जवळ बाळगावा. दर घरामागे महिना चार-दोन रुपये जमविले तरी हे सहज होते. एका जत्रेच्या फटाक्यांत ह्याहून अधिक धूर होतो.

आमच्या शाळेच्या हापशाचे पुढे काय झाले, ते सांगून लेख पुरा करतो. पाच महिन्यांनी तालुक्याचा मिस्त्री आला. त्याच्याजवळ उभे राहून वस्तीतल्या एका लोहाराच्या सुनेने सगळे काम पाहिले, आणि दुसऱ्या वेळी वायसर झिजले तेव्हा तिने मिस्त्रीची वाट पाहिली नाही. पान्हे तिने सासऱ्याच्या भट्टीतून आणले होते. ओट्यावर कोरलेले नाव अजून तसेच आहे व ते राहावे. पण हापसा आज चालतो तो त्या नावामुळे नव्हे, हे शाळेतली प्रत्येक मुलगी जाणते.